अर्धी भरलेली टाकी

“सूनबाई, जरा बाहेर या. माझी गाडी काय बोलते ते ऐका.”

परकारचाचांची हाक आली तेव्हा मी मागच्या अंगणात आमसुलं उलटत होते. पदराला हात पुसून पुढे आले. आमच्या पेट्रोल पंपावर त्यांची जुनी फियाट टॅक्सी बॉनेट उघडं टाकून उभी होती. सावलीत खुर्चीवर माझे सासरे, अण्णा, बसले होते. शेजारी आणखी दोन टॅक्सीवाले.

“काय होतंय चाचा?”

“सपाटीला काही नाही. चढ लागला, पाय दाबला, की आतून टर्रर्र. डब्यात खडे घालून हलवावे तसं. मी आधी म्हटलं टॅपेट असेल. पण टॅपेट काय, उभ्या गाडीलाही वाजतं. ही फक्त ओझं पडलं की वाजते.”

मी त्यांना गाडी पुढच्या चढावर नेऊन आणायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पंप ओलांडला की लगेच घाटाचा पहिला चढ सुरू व्हायचा. गाडी तिथे गेली आणि आवाज आला, स्वच्छ. तो मी सातव्या वर्षापासून ओळखत होते.

गाडी परत आली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि अगदी हळू, मायेने म्हणाले, “टायमिंग हललं असेल. नाही का गं?”

“हो,” मी म्हटलं. “टायमिंगच.”

मी खोटं बोलले होते.

माझ्या वडिलांचं कऱ्हाडला नाक्यावर गॅरेज होतं. आई मी सहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून शाळा सुटली की मी गॅरेजमध्येच. पालथ्या टायरवर बसून गृहपाठ करायचा आणि गाड्यांचे आवाज ऐकायचे. बाबा डोळे मिटायला लावून विचारायचे, “हे काय वाजतंय?” मी सांगायचे. चुकले की डोक्यात टपली.

इंजिन ठोकायला लागलं की ते सगळं काम बाजूला ठेवून समजवायचे. “ठिणगी पडली की आग एका कडेनं सुरू होऊन शेवटपर्यंत सरकत गेली पाहिजे. चुलीतली कशी सरकते तशी. पण ती पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटलं, तर दाबाचा दणका पिस्टनवर बसतो. तो हा आवाज. आता ते का पेटतं? ठिणगी फार लवकर पडत असेल. आत काजळी साठून लाल होत असेल. इंजिन तापलं असेल. नाहीतर डायव्हर वरच्या गिअरमध्ये चढ रेटत असेल. यातलं काहीच नसलं, तर पेट्रोल बघायचं.”

“पेट्रोलमध्ये काय बघायचं?”

“रॉकेल. रॉकेलला दाब सोसत नाही. चढावर लगेच पेट घेतं.”

माझं लग्न ठरलं तेही याच कानामुळे. अण्णांची गाडी एकदा कऱ्हाडला बंद पडली होती. बाबा नव्हते, मी बिघाड सांगितला. अण्णा खूश झाले, महिन्याभरात आमच्याकडे मागणी आली. आपल्याच समाजातलं घर, कोकणात घाटाच्या पायथ्याशी स्वतःचा पंप, एकुलता एक मुलगा. बाबांना वाटलं, पोरीच्या अंगच्या गुणाची कदर करणारी माणसं मिळाली. मलाही तसंच वाटलं.

पहिल्या दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं. आमचं घर पंपाला लागूनच मागे होतं. दिवसभर पेट्रोल भरून गाड्या चढाला लागायच्या आणि एकामागून एक ठोकत वर जायच्या. एका गाडीचं टायमिंग बिघडेल, दुसरीत काजळी असेल. सगळ्यांनाच एकदम काय होईल? आणि आमच्या घरच्या गाडीचा आवाज मात्र कधी यायचा नाही. तिचं पेट्रोल अण्णा चिपळूणहून भरून आणायचे.

दर सोमवारी सकाळी मागच्या शेडमध्ये दोन पिंपं उतरायची. मी श्रीधरला, माझ्या नवऱ्याला, विचारलं, “त्यात काय असतं?”

तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, “तुला कशाला?”

“रॉकेल आहे ना?”

त्याने वस्तरा खाली ठेवला. “हे बघ, सगळेच करतात. आणि घरातलं बाहेर बोलायची या घरात पद्धत नाही. आईला विचार. तिने कधी विचारलंय?”

सासूबाईंनी कधीच विचारलं नसणार. त्यांना मी आई म्हणायचे. एवढी मोजकं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. अण्णांनी काही विचारलं तर “हो” किंवा “बघते”, न विचारलं तर तेही नाही.

मला बाबांना कळवायचं होतं. पण घराचं पुढचं दार पंपावरच उघडायचं, अण्णांच्या खुर्चीसमोर. फोन त्यांच्या टेबलावर. पत्र टाकायचं तर त्यांच्याकडे द्यायचं, ते पाकीट उलटंसुलटं करून म्हणायचे, “जड आहे गं. एवढं काय लिहिलंस?” मी पोस्टकार्डंच लिहायला लागले. सर्व खुशाल. मग मला दिवस गेले आणि कऱ्हाडला पळून जायचा जो एक वेडा विचार अधूनमधून यायचा, तोही बंद झाला.

आणि आता परकारचाचांची गाडी.

“मग बसव की टायमिंग,” अण्णा म्हणाले. “तुझ्या हातचं काम आहे.”

मी पाना मागितला. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर असतो, त्याचा पट्टा सैल केला आणि तो केसभर मागे फिरवला. ठिणगी उशिरा पडायला लागली की आवाज थांबतो. पण रॉकेल रॉकेलच राहतं. शिवाय गाडीची ताकद जाते आणि इंजिन तापायला लागतं. दुखणं आत तसंच ठेवून रोग्याचं कण्हणं बंद करायचं, तसं.

चाचा चढावर चक्कर मारून आले. “गेला आवाज! अण्णा, सून नाही, डॉक्टर आणलीत.”

त्यानंतर कोणी तक्रार घेऊन आलं की अण्णा मला हाक मारायचे. महिन्याभरात मी सात-आठ गाड्यांची टायमिंगं मागे नेली. लोक हात जोडायचे. रात्री जेवताना अण्णा माझ्या ताटात स्वतः तूप वाढायला लागले. मी ते ताटाच्या कडेला सारायचे. आई समोर बसून ते बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं, आणि पहिलं बाळंतपण म्हणून मला माहेरी पोचवायचं ठरलं. माहेरून न्यायला यायला बाई माणूस नव्हतं, म्हणून आई सोबत येणार होत्या. ऐन वेळी श्रीधरला गाडी घेऊन रत्नागिरीला जावं लागलं. अण्णांनी परकारचाचांना सांगितलं. सकाळी टाकीत वीस लिटर भरून दिलं आणि म्हणाले, “सांभाळून न्या. आमचा वंश आहे गाडीत.”

सकाळी दहाला निघालो. दोन वळणं गेलो असू, तोच रस्त्यावर एक बाई हात करताना दिसली. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं मूल. चाचांनी गाडी थांबवली. तिचं नाव सुगंधा, खालच्याच गावची. मूल चार महिन्यांचं. तीन दिवस ताप, सकाळपासून दूध ओढत नव्हतं आणि श्वास घेताना छाती आत जात होती.

“चिपळूणच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. म्हणाले, इथे नको, कऱ्हाडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. एसटी चुकली हो माझी.”

आईंनी दार उघडून तिला आत घेतलं. मी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ती. मे महिन्याचं ऊन. पत्रा तापलेला. खिडकीतून वाऱ्याऐवजी झळ यायची.

अर्धा घाट चढेपर्यंत गाडीचा दम संपत आला होता. चाचा पहिल्या गिअरमध्ये पाय पार दाबून होते आणि गाडी माणसाच्या चालीने चालली होती. “आज हिला झालंय काय?” ते पुटपुटत होते. मला माहीत होतं काय झालंय. ताकद मी काढून घेतली होती. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. आणि इंजिन इतकं तापलं की मी दाबून टाकलेला तो आवाज पुन्हा वर आला. टर्रर्र, टर्रर्र. माझ्या पायाखालून, पोटातून जात होता. पोटातलं बाळ एकदम ढवळलं.

एका वळणावर गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली.

चाचांनी चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. वाफ ओसरायची वाट बघितली, मग डब्यातलं पाणी थोडं थोडं ओतलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. सावली म्हणून नाही. आम्ही तिघी गाडीतच बसून राहिलो. वीस मिनिटं गेली. वर जाणारा एक भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवून ‘थांबता येत नाही’ अशी खूण केली आणि पुढे गेला. चढावर थांबला असता तर तोही पुन्हा उचलला नसता. चाचांनी स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं, गाडी दहा हात सरकली, ठोकली, बंद पडली.

सुगंधाचं मूल आतापर्यंत बारीक कण्हत होतं. तेही थांबलं. ती त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन बघायला लागली.

“आहे का गं श्वास?” आईंनी विचारलं.

“आहे. पण... आहे.”

तेवढ्यात वरून एक जीप उतरताना दिसली. मागे ट्रॉली जोडलेली, तिच्यात लोखंडी पाइप गच्च भरलेले. चाचांनी ती थांबवली. ड्रायव्हर नलवडे म्हणून होता, पाटणचा.

“वळवून वर घेऊ का, बाळाला सोडू?” त्याने स्वतःच विचारलं, मग रस्त्याकडे बघितलं. “पण ही ट्रॉली इथं कशी वळवू? खाली जाऊन, सोडून, परत यायला तास जाईल.”

“जीप पेट्रोलची आहे का?” मी खिडकीतून विचारलं.

“व्हय. जुनं इंजिन आहे.”

“पेट्रोल कुठे भरलंत?”

“पाटणला. सकाळीच.”

“आम्हाला चार-पाच लिटर द्याल?”

नलवडे चाचांकडे बघायला लागला. चाचा हसले, थकलेलं हसू. “सूनबाई, पेट्रोल कशाला? टाकी अर्धी भरलेली आहे. तुमच्या समोरच अण्णांनी वीस लिटर घातलं.”

आणि माझ्या मनगटाभोवती आईंची बोटं आवळली गेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या. पकड मात्र अशी की बांगडी रुतली.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. बोलले, तर परतायला घर नाही. पोटातलं मूल कुठे जन्माला येईल, कुणाच्या नावावर वाढेल, माहीत नाही. बाबांची मान खाली जाईल. न बोलले, तर गाडी अशीच दहा दहा हात सरकेल, मग पिस्टनला भोक पडेल. नुसतं टायमिंग पुढे घेऊनही उपयोग नाही. टाकीत हे असेपर्यंत ती आणखी ठोकेल. माझ्या डाव्या मांडीला सुगंधाची मांडी लागलेली होती. तिच्या मुलाचा ताप लुगड्यातून माझ्यापर्यंत येत होता.

“मग निघू मी?” नलवडे म्हणाला.

सुगंधाने मुलाला हलवलं. “अरे बोल ना,” ती त्याला म्हणाली. “रड ना रे.”

मनगटावरची बोटं सुटली. आईंनी दोन्ही हात पुढे केले, ते मूल स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि पदराचं टोक पाण्यात बुडवून त्याच्या कपाळावर ठेवलं.

“चाचा,” मी म्हटलं, “टाकीत आहे त्यात रॉकेल आहे.”

चाचांना ऐकू आलं नाही असं वाटलं. “काय?”

“आमच्या पंपावर पेट्रोलमध्ये रॉकेल घालतात. म्हणून गाडी ठोकते. म्हणून तापते.”

“असं बोलू नये सूनबाई. अण्णांना मी वीस वर्षं ओळखतो.”

मी गाडीतून उतरले. फराळाच्या पुडक्याचा पांढरा कागद काढला, फाडून दोन तुकडे केले. नलवडेला त्याच्या टाकीत काडी बुडवून एका तुकड्यावर थेंब टाकायला सांगितलं. चाचांच्या टाकीतला दुसऱ्यावर. दोन्ही तुकडे बॉनेटवर धरले. नलवडेचा थेंब पसरला आणि बघता बघता उडून गेला. कागद जसा होता तसा कोरा. चाचांच्या थेंबाचा तेलकट डाग राहिला. फुंकर घातली, उन्हात धरला, तो तसाच.

चाचा त्या डागाकडे बघत राहिले. मग मागच्या खिडकीपाशी गेले, वाकले.

“वहिनी, पोर काय बोलते ही? खरं आहे?”

मला वाटलं, आई म्हणतील, पोटुशी आहे, उन्हाने भ्रमली आहे. मी स्वतः त्यांच्या जागी असते तर कदाचित तेच म्हटलं असतं.

आई मुलाच्या कपाळावरचं ओलं पदराचं टोक उलटत होत्या. त्यांनी मान वर केली. “खरं आहे,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं झाली.”

चाचा सरळ उभे राहिले. त्यांच्या तोंडाला शिवी आली होती, मला दिसली, पण ती त्यांनी गिळली.

“अजून एक आहे,” मी म्हटलं. आता थांबता येत नव्हतं. “गेल्या महिन्यात तुमचं टायमिंग मी बसवलं ना. ते बिघडलेलं नव्हतं. आवाज बंद व्हावा म्हणून मी मागे नेलं. गाडी ओढत नाही ती माझ्यामुळे.”

त्यांनी डिकी उघडली, पाना काढला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता.

नलवडे आणि ते गाडीखाली शिरून टाकीचा नट काढायला लागले. सगळं पेट्रोल रस्त्यावर सोडून दिलं. मी मडगार्डवर ओणवी झाले. पोट मध्ये येत होतं, हात पोचत नव्हता, तापलेला पत्रा पोटाला लागू नये म्हणून सुगंधाने तिचं दुपटं घडी करून मध्ये धरलं. बाबांनी शिकवलेल्या खुणेवर मी टायमिंग परत आणलं. नलवडेच्या जीपमधून नळीने पाच लिटर काढून टाकीत घातलं. इंजिन गार व्हायला आणखी पंधरा मिनिटं दिली. घाई झाली होती तरी दिली, नाहीतर पुन्हा तेच झालं असतं.

गाडी निघाली. “पाय हळू ठेवा,” मी म्हटलं. “जोर करायचा नाही. दम कमी वाटला की लगेच खालचा गिअर.”

“मला कळतं,” चाचा म्हणाले. पुढच्या सबंध घाटात तेवढंच.

इंजिन एकदाही ठोकलं नाही. कोयनानगरला पोचून टाकी भरली आणि दोनच्या सुमारास कऱ्हाडच्या दवाखान्यात होतो. मुलाला न्यूमोनिया होता. आत नेल्यावर त्याने पहिला आवाज काढला, तेव्हा सुगंधा दारातच खाली बसली. पंधरा दिवसांनी ते मूल घरी गेलं.

चाचांनी आम्हाला गॅरेजपाशी सोडलं. बाबांनी सवयीने बॉनेट उघडलं, ऐकलं, म्हणाले, “टायमिंग झकास बसलंय. कुणी बसवलं?”

“मीच,” मी म्हटलं. “आणि आधी बिघडवलं होतं, तेही मीच.”

मी सगळं सांगितलं. बाबांनी चाचांच्या गाडीच्या इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडून, काजळी काढून, सगळं नीट करून दिलं. माझ्याशी ते रात्रीपर्यंत बोलले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, “तू मला पोस्टकार्ड लिहीत होतीस. चार ओळींचं. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.”

दुसऱ्या दिवशी आई चाचांच्याच टॅक्सीने परत गेल्या. जाताना माझ्या केसांवरून हात फिरवला. एकट्या त्या घरात जाणार होत्या, आणि मी मागे सुरक्षित राहणार होते. मला तेव्हा हे उमजलंसुद्धा नाही. मी स्वतःच्याच भीतीत होते.

मला मुलगी झाली. सासरी परतायचं होईल असं मला वाटत नव्हतं. चाचांनी टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना सांगितल्याचं कानावर आलं होतं. दोन महिने आमच्या पंपावर एक टॅक्सी फिरकली नाही. शेवटी सोमवारची पिंपं बंद झाली. कुणी लेखी तक्रार केली नाही, पण गावात अण्णांना तोंड चुकवून चालावं लागत होतं. अशा वेळी मला कोण बोलावेल? आणि तिसऱ्या महिन्यात श्रीधर बाळंतविडा घेऊन न्यायला आला. चेहरा नेहमीसारखा. काय झालं ते विचारायची मला हिंमत नव्हती.

घरी अण्णांनी नातीला मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “तू परक्या घरातून आलेली. पण घराची अब्रू तू राखलीस. जिनं घालवली तिचं नाव मी काढत नाही.”

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होत्या.

“तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं, परकारांशी मी बोलले. त्यांनीही तुझं नाव कुठे घेतलं नाही.”

“पण मी बोलले आई!”

“परकारांनी मला विचारलं. मी उत्तर दिलं. खोटं आहे का?”

“मी आत्ता जाऊन सांगते अण्णांना.”

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. “एकतीस वर्षं झाली मला या घरात. एवढ्या वर्षांत मी काय बोलले असं कुणी विचारलं, तर एक वाक्य सांगता येणार नाही. ते एक झालं. ते घेऊ नकोस माझ्याकडून.”

“पण ते तुमच्याशी बोलत नाहीत.”

“आधी तरी काय बोलत होते?”

मला रडू यायला लागलं. त्यांनी चिमट्याने भाकरी उलटली. “तुला बोलायचं तर तुझं काहीतरी बोल,” त्या म्हणाल्या. “हे माझं आहे.”

आठ दिवसांनी मी अण्णांना सांगितलं, की यापुढे मी कुणाच्या गाडीला हात लावला तर बिघाड जो असेल तोच सांगेन, मग समोर कोणीही उभं असो. त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. शेवटची दोन अंथरुणावर. आईंनी त्यांचं सगळं केलं, चमच्याने भरवण्यापासून. ते त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी एकाच घरात राहून रोज ते बघितलं. कितीदा तोंड उघडलं. दर वेळी आई दारात उभ्या असायच्या.

गेल्या माघात आई गेल्या. सकाळी अंगणात माणसं जमली, त्यांत परकारचाचा होते, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आलेले. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. आईंच्या पायांशी ते उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “या बाईनं घाटात खरं सांगितलं होतं. नवऱ्याच्या धंद्याविरुद्ध. एक लेकरू वाचलं त्यामुळे.”

मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांना सगळं आठवत होतं. कागदाचे दोन तुकडे, पाना, सगळं. ते वाट बघत होते, मी काय म्हणते त्याची.

“हो चाचा,” मी म्हटलं. “त्याच बोलल्या.”